काडीवरची गाळाची रेघ

मित्रांनो, परवा शाळेच्या मैदानात झेंडा चढला तेव्हा तुम्ही सगळे मान वर करून पाहत होता. काठीच्या टोकाला काहीतरी पिवळे चमकत होते. कुणी म्हणाले, देवळाचा कळस आहे. कुणी म्हणाले, लोटा उलटा बसवला आहे. तुमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "मोडकी चिलीम हाये रे." त्यावर बाकीचे हसले.

मी कळस नाही, लोटा नाही, चिलीमही नाही. मी शेतावर पाणी शिंपणारी एक जुनी पितळी भिंगरी आहे. मला दोन हात होते, आता एकच उरला आहे. त्या हाताला बारीक भोके आहेत. त्यांत वाळलेली माती भरली आहे, म्हणून खालून ती दिसत नाहीत. तुम्ही मला सलाम केलात, पण मी कोण ते कुणी विचारले नाही. तेव्हा मीच सांगते.

भिंगरी होण्याआधी मी गुंड होते. शांतीबाईला तिच्या आईने लग्नात दिलेला, पाणी भरायचा पितळेचा गुंड. आपल्या हिरडबोडीत नवी सून म्हणून आली तेव्हापासून ती मला डोक्यावर घेऊन तलावावर जायची. तिचा नवरा दुधराम. जातीचा कोहळी. आपल्या भागातले कितीतरी तलाव कोहळ्यांनी बांधले, हे तुम्ही घरी ऐकले असेल. हिरडबोडीचा तलावही त्यांनीच बांधला. डोंगराच्या कुशीत मातीची लांब पार घातली आणि पावसाचे पाणी अडवले. दुधरामच्या आज्याने त्या पारीवर माती वाहिली होती. ज्या घराने माती वाहिली त्या घराला तलावाच्या पाण्याची पाळी मिळाली. दुधरामच्या घरालाही मिळाली.

पण दुधरामचे शेत बरड होते. बरड म्हणजे मुरमाची, उंचवट्याची जमीन. पाण्याचा पाट तिच्या पायथ्याने जायचा. पाटाला उंचवटा चढता येत नाही. दुधरामची पाळी आली की पाणी शेताच्या एका खोलगट कोपऱ्यात जाऊन साचायचे. तिथे बेडूक ओरडायचे. वरचा सगळा बरड मात्र तहानलेला. दरवर्षी पाळी यायची, कोपरा भरायचा, आणि दुधराम बांधावर बसून ते पाणी आटताना पाहायचा.

एका उन्हाळ्यात तो दरेकशाला रेल्वेच्या कामावर गेला. तिथे इंजिनाला पाणी पाजायची उंच लोखंडी टाकी होती. तिच्या नळाचा एक सांधा फुटला होता, त्यातून पाण्याच्या बारीक धारा उडत होत्या. खाली मुरमाचा ढीग होता. त्या ढिगावर, भर वैशाखात, चवळाईची भाजी हिरवीगार उगवली होती. हमालाच्या बायकोने बी झटकले असेल, तेच उगवले. बाकीचे मजूर त्या धारेखाली डोके भिजवून पुढे जायचे. दुधराम त्या ढिगाकडे पाहत बसायचा. मुरूम आपल्या बरडासारखाच. पाणीही थोडेसेच. मग इथे उगवते आणि आपल्याकडे काऊन नाही?

तो घरी आला आणि त्याने शांतीबाईकडे गुंड मागितला. मग तिने मला चिंचेने घासले, लख्ख केले आणि त्याच्या हातात दिले. "मोडाचंच हाये तं मळकं कायले द्याचं," एवढेच ती म्हणाली.

भंडाऱ्याला छोटेलाल नावाचा कासार होता. त्याने मला वाजवून पाहिले.

"भाई, अच्छा-भला गुंड है. इसको गलाऊँ काहे को?"

"शेतात पाणी शिंपाले यंत्र कराचं हाये."

"खेत में? तेरा खेत क्या दूल्हा है, जो गुलाबजल छिड़केगा?"

"दूल्हाच समजा, भाऊ," दुधराम म्हणाला. "पण लय वर्षाचा उपाशी दूल्हा हाये."

छोटेलाल हसला, पण काम त्याने मन लावून केले. दुधरामने जमिनीवर काडीने आकृती काढून दाखवली. मधे पोकळ बुंधा, दोन्ही बाजूंना दोन वाकडे हात, हातांना भोके. पाणी जोराने भोकांतून निघाले की हात मागे ढकलले जातील आणि भिंगरी आपोआप फिरेल. मला वितळवले तेव्हा फार दुखले, असे मी सांगणार नाही. पितळेला दुखत नाही. पुढे जे पाहिले त्याचे दुखते.

दुधरामने मोडीत निघालेले लोखंडी नळ गोंदियाहून बैलबंडीत भरून आणले. सांध्यांना ताग आणि राळ लावून ते जोडले. तलावाचे पाणी सोडायच्या तोंडाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्या तुडुमात नळाचे तोंड चिखलाने लिंपून बसवले. तलाव उंचावर होता, त्यामुळे नळातले पाणी खाली उतरून पुन्हा उंचवटा चढून येणार होते. पाट जे करू शकत नव्हता ते नळ करणार होता. बरडाच्या माथ्यावर एक सागाचा खांब रोवला आणि त्यावर मला बसवले.

त्या दिवशी अर्धे गाव पाहायला आले. तुडुम उघडायचे काम मंगरूचे. तो गावचा पाणकर होता. कुणाच्या शेतात कधी पाणी जायचे ते सगळे त्याच्या हाती आणि त्याच्या तोंडी. त्याने तुडुम उघडला. मी थुंकले. चिखल आला, मग काहीच नाही. दुधरामने मला उतरवून पाहिले तर आत बोटाएवढी मासोळी अडकलेली. लोक पोट धरून हसले.

शांतीबाईने लुगड्याचा पदर फाडला आणि नळाच्या तोंडाला बांधला. आता गाळ आत येणार नव्हता, मासोळीही नाही. मंगरूने पुन्हा तुडुम उघडला. माझे हात थरथरले, हलले आणि मग मी फिरू लागले.

"दुधराम," मंगरू ओरडला, "बकरी शिंकली तरी याच्याहून जास्त पाणी उडते गा!"

"बकरी दिवसभर शिंकत नाही, मंगरू."

शांतीबाई माझ्या खाली येऊन उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत भिजली.

"अवो, तू कायले भिजून राहिली?" दुधराम म्हणाला.

"माहा गुंड हाये तो. कसा वतते ते पाहून राहिली."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. त्यानंतरचे चांगले दिवस मोजायला फार बोटे लागत नाहीत.

मला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत त्यांनी बरडाच्या माथ्यावर हरभरा घेतला, उतारावर जवस घेतला. जवसाला निळी फुले आली तेव्हा खालून जाणारी माणसे थांबून पाहायची. कामठ्याहून दोन शेतकरी मुद्दाम आले आणि हरभऱ्याच्या मुळाशी बोट घालून ओल पाहून गेले. मी पाणी फार थोडे घ्यायचे. जमीन जेवढी पिऊ शकते तेवढेच द्यायचे, थेंबाथेंबाने, पानांवरून. पूर्वी दुधरामची पाळी संध्याकाळपर्यंत चालायची. आता दुपार व्हायच्या आतच तो स्वतः जाऊन तुडुमाला बूच लावायचा. "ऱ्हाऊ दे तलावात," म्हणायचा. "कोणाच्या तरी कामी येईन."

आले ना कामी. ते पुढे सांगते.

हिरडबोडीची एक जुनी रीत होती. रब्बीच्या पेरण्या आटोपल्या की पाणकर प्रत्येक शेतात ठरलेल्या जागी पळसाची सोललेली काडी रोवायचा. शेतात तलावाचे पाणी साचले की काडीवर गाळाची रेघ उमटायची. पौषात पंच शेतोशेती फिरायचे आणि काड्या पाहायचे. रेघ असली म्हणजे शेताने पाणी घेतले. रेघ नसली म्हणजे घेतले नाही. मग त्या शेताची पाळी दुसऱ्याला जायची. रीत वाईट नव्हती. कुणी नुसती पाळी अडवून ठेवू नये, त्याच्यामुळे शेजाऱ्याचे पीक वाळू नये, म्हणून जुन्या माणसांनी ती घातली होती. त्या माणसांत दुधरामचा आजाही होता.

दुधरामच्या शेतातली काडी पिढ्यान् पिढ्या त्या खोलगट कोपऱ्यातच रोवली जायची. त्या वर्षीही मंगरूने ती तिथेच रोवली. कोपऱ्यात आता पाणी जात नव्हते.

शांतीबाईला हे सगळ्यांत आधी कळले. पंच यायच्या आदल्या दिवशी हरभरा निंदता निंदता ती उठून उभी राहिली.

"अजी, आज त्या कोपऱ्यात पाणी सोडून द्या. काडीले रेघ येऊ द्या."

"तिथं काही पेरलं नाही. पाजू कोणाले? बेडकाले?"

"बेडकाले पाजा. पण रेघ येऊ द्या."

"येडी झाली का वो? माह्या आज्यानं त्या पारीवर माती वाह्यली ते पाणी वाया घालवाले?"

"आज्यानं माती वाह्यली म्हून तं पाळी हाये. पाळी गेली तं काय मातीच चाटसान?"

"पंच काही आंधळे नाहीत," दुधराम म्हणाला. "एवढा हरभरा उभा हाये. पाहतीन ना."

"पंच काडी पाहाले येतात. हरभरा पाहाले नाही."

दुधरामने पाणी सोडले नाही. त्याला वाटले, कमी पाण्यात पीक काढणे ही शाबासकीची गोष्ट आहे. शाबासकी त्याला मिळाली. तीच तर गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी पंच आले. पुढे टिकाराम मालगुजार, ज्यांना सगळे पाटील म्हणायचे. त्यांच्या डोक्यावर छत्री. गावाचे मालक तेच आणि तलावाखालची उसाची वाडीही त्यांचीच. मंगरू कोपऱ्यात गेला. वाकून त्याने काडी उपटली, अंगठ्याने पुसून पाहिली, उन्हात धरली.

"रेघ नाही," तो म्हणाला. हे सांगताना त्याने दुधरामकडे पाहिले नाही.

"मंगरू, काडी कोरी हाये, पण शेत तं पाय गा," दुधराम म्हणाला.

एका पंचाने हरभऱ्याचे घाटे तोडले आणि दाणे सोलून खायला लागला. "गोड हाये," म्हणाला. आणि खाता खाता काडीकडेच पाहत राहिला.

टिकाराम पाटलांनी दुधरामच्या खांद्यावर हात ठेवला. "दुधराम, तू तं कमालच केली. शाबास! असा माणूस आपल्या गावात हाये याचा मले अभिमान हाये. तुले आता पाण्याची गरजच राह्यली नाही. मंग ही पाळी खाली जाऊ दे. ऊस वाढवून राहिलो यंदा."

"पाटील, मी पाणी घेतो. कमी घेतो, पण घेतो."

"रीतीनं पाह्यलं तं तू घेतलंच नाही ना."

"तलावात जे पाणी उरलं ते कोणाचं उरलं? माहंच तं उरलं!"

"तलावातलं पाणी गावाचं असते, दुधराम. असं कोणाचं नाव राह्यते का पाण्यावर?"

आता शांतीबाई पुढे आली. डोक्यावर पदर होता, पण आवाज खाली नव्हता. "मंग काडीवर तरी कोणाचं नाव राह्यते, पाटील? माह्या घरानं पाणी वाचवलं ते गुन्हा झाला का?"

"गुन्हा कोण म्हणते, बाई? मी तं शाबास म्हणून राहिलो."

मंगरू काडी हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, रीत हाये. मी नाही काढली. दुधरामच्या आज्यानंच काढली."

"हो गा. पण आज्याले डोळे होते," शांतीबाई म्हणाली.

पाटील जाता जाता म्हणाले, "गरज पडली तं सांगजो दुधराम. आपण काही परके नाही." मग सगळे पुढच्या शेताकडे गेले. घाटे खाणाऱ्या पंचाने जाताना ओंजळभर आणखी तोडून घेतले.

मित्रांनो, हिरडबोडीच्या माणसांनी यातून धडा घेतला नाही, असे समजू नका. पुढल्या वर्षापासून प्रत्येकाने काडीभोवती मुद्दाम पाणी साचवायला सुरुवात केली. ज्याला ओल पुरेशी होती त्यानेही पाणी सोडले. कुणी काडीभोवती मातीचे आळे केले. कुठे पीक सडले, पण रेघ आली. सगळ्या गावात कोरी काडी एकाच शेतात राहिली होती, आणि त्याचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले होते.

दोन हंगाम दुधरामने मागूनमागून पाणी घेतले. इतरांच्या पाळीतले उरलेसुरले मिळाले तर मी फिरायची, नाहीतर खांबावर उभी राहायची. तिसऱ्या साली हस्त नक्षत्र कोरडे गेले. भातच कसाबसा हाती आला. तलाव निम्माही भरला नाही. बरडावर हरभरा फुलावर आला होता. त्याला तेव्हा एकदा पाणी लागते. एकदाच. माझ्यासारखी असली तर अर्धा दिवस पुरे.

मंगरू सकाळी आला आणि तुडुमातून नळाचे तोंड उपसू लागला. दुधराम धावत गेला. मी खांबावरून पाहत होते. तुडुम तिथून जवळच आहे, बोलणे ऐकू यायचे.

"कायले काढून राहिला?"

"काढाले लावलं मले. पाटलानं."

"मंगरू, अर्धा दिवस दे. मंग काढ."

"तुही पाळी नाही."

"पाटील म्हणले होते, गरज पडली तं सांगजो."

"सांगतलं का मंग?"

"काल सांगतलं. 'पाहू' म्हणले."

"हेच पाह्यलं त्यायनं," मंगरू म्हणाला. त्याने शांतीबाईच्या लुगड्याची चिंधी सोडली, पिळली आणि दुधरामच्या हातात दिली. मग पाटाचे तोंड उघडले. पाणी बरडाच्या पायथ्याने वाहत खाली उसाकडे निघाले. तीन दिवस मी त्याचा आवाज ऐकत होते.

शांतीबाई मातीच्या घागरींनी पाणी वाहायला लागली. दुधरामही वाहायचा. उंचवटा चढताना एक घागर फुटली, मग दुसरी. गुंड असता तर फुटला नसता. हे दोघांपैकी कुणीच बोलले नाही. मी ऐकायला तयार होते. फुले गळली. हरभऱ्याची रोपे पिवळी पडली, मग तपकिरी झाली. जनावरे सोडली तर त्यांनीही नीट खाल्ली नाहीत.

दुधराम पुन्हा दरेकशाच्या बाजूला मजुरीला गेला, या वेळी जंगलात लाकूड तोडायला. जाताना तो माझ्यापाशी आला. माझा एक हात धरून त्याने मला हळूच एक फेरा दिला. पाण्यावाचून मी फिरले आणि थांबले. तो तिकडेच तापाने गेला. पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या सोबतीचा माणूस त्याची कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा शांतीबाई याच बरडावर काटक्या वेचत होती.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण त्यात कौतुकच फार आहे.

नळ टिकाराम पाटलांनी उचलून नेले. पडून गंजतील, गावाची वस्तू आहे, असे सांगून. मलाही नेले. त्यांच्या बंगल्यापुढे गुलाबाची बाग होती आणि हिरवळ होती. तिथे मला बसवले. शिकारीला एक गोरा साहेब आला होता, त्याच्यासाठी मला फिरवले. साहेबाने टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाले, "हमने खुद बनवाया है." उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडलेला असायचा तेव्हासुद्धा मी गुलाबांवर फिरत असे. विहिरीचे पाणी बैलांच्या मोटेने वर चढवून माझ्यासाठी टाकीत सोडत. मला तिथे कुणी काडी लावली नाही.

एकदा शांतीबाई उसाची मोळी घेऊन बंगल्याकडे आली. आता ती पाटलांच्या उसावर मजुरी करायची. मला पाहून थांबली.

"पाटील, हा माहा गुंड हाये."

नोकर हसले. एकजण म्हणाला, "मावशे, उन्हानं डोळे गेले का? हा कुठून गुंड दिसते?"

"दिसत नाही म्हून तं सांगून राहिली," ती म्हणाली. मोळी टाकली आणि गेली.

पुढे पाटील वारले, गुलाब वाळले. एका बैलाचा पाय पडून माझा एक हात तुटला. मग गोठ्यात मला दावणीच्या दोरीला वजन म्हणून बांधले. कितीतरी वर्षे मी शेणात होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हशी चांगल्या होत्या. त्यांनी मला कधी शाबास म्हटले नाही.

आणि मग हा ऑगस्ट आला, देश स्वतंत्र झाला. टिकाराम पाटलांचा मुलगा केवलराम याला झेंड्याच्या बांबूसाठी टोकाला काही शोभेचे हवे होते. मी सापडले. चिंच आणि राख लावून मला घासले. माझा पोकळ बुंधा बांबूवर नेमका बसला. इतक्या उंच मी कधीच नव्हते. तिथून मला तलाव दिसला, उसाची वाडी दिसली आणि बरड दिसला. बरडावर तरोट्याचे रान माजले आहे.

केवलरामने भाषण केले. तो नागपूरला शिकला आहे, चांगला बोलतो. तो म्हणाला, "आजपासून आपण सारे या देशाचे धनी झालो. आता ज्याचा जो वाटा असेल तो त्याला मिळेल." टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्या.

तेव्हा बायकांमधून एक म्हातारी उठली. तुम्ही तिला ओळखता. गावाबाहेर एकटी राहते, तुम्ही तिच्या दारातल्या बोरी झोडपता. तीच शांतीबाई. तिच्या कमरेला पळसाची सोललेली काडी खोचलेली होती.

"केवलराम, मंग माही पाळी कई देता?"

"कसली पाळी, आजी?"

"तुह्या बापानं उसाले नेली ते."

लोक हसले. केवलराम रागावला नाही. तो वाईट माणूस नाही. "आजी, आज हे कायले? आजचा दिवस आनंदाचा आहे. घे, बुंदी घे."

"बुंदी नोको. दात नाही मले. पाणी पिता येते."

तेवढ्यात पावसाची सर आली आणि सगळे शाळेच्या पडवीत पळाले. शांतीबाई पळाली नाही. काठीच्या बुंध्याशी, माझ्या बरोबर खाली, पाणी साचू लागले होते. तिने त्यात काडी रोवली आणि भिजत उभी राहिली. एकेकाळी माझ्याखाली उभी होती, तशीच. आता मात्र मी तिच्यावर पाणी टाकू शकत नव्हते.

सर थांबली. पाणी ओसरले. मंगरू आता काठी टेकत चालतो, त्याला नीट दिसत नाही. तिने त्याला हाक मारली.

"मंगरू, पाय गा. रेघ आली का?"

मंगरू कष्टाने वाकला. दिसत नव्हते म्हणून त्याने काडीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला लाल गाळ लागला.

"आली, वहिनी."

"मंग या मैदानाले पाळी लावून द्या. इथं काही पिकत नाही, पण रेघ तं आली."

मंगरू तसाच वाकून राहिला, काडी धरून. मग त्याने अंगठा धोतराला पुसला. केवलरामने बुंदीचे पातेले आत नेले.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठे होऊन पंच व्हाल. काडी पाहायला गेलात तर शेतही पाहा. जो कमी घेतो त्याला शाबास म्हणून त्याचा वाटा उचलून नेऊ नका. असे केलेत तर उद्या कुणीही पाणी वाचवणार नाही. जो तो आपल्या कोपऱ्यात बेडूक पोसत बसेल.

आणि माझ्याविषयी म्हणाल तर मला आणखी चिंच लावू नका. मला खाली उतरवा. सुईने माझी भोके मोकळी करा, तुटलेला हात भंडाऱ्याहून जोडून आणा आणि मला शांतीबाईच्या दारात नेऊन द्या. ती अजून आहे. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी तिची पाळी घेऊन जा. पाळीवाचून मी नुसता कळस आहे, आणि कळसाने हरभरा पिकत नाही.